गार गाडी

थंडीच्या सकाळी डिझेलच्या धुराचा वास आला, की मला आईच्या हातची ज्वारीची भाकरी आठवते. कमरीपेठेतल्या घरी भाकऱ्या थापून आई त्या धारवाडच्या खाणावळींना पाठवायची, आणि त्यासाठी आम्हाला ऐपतीत बसेल असा जुना पिकअप हवा होता. अमरगोळच्या बाजाराजवळ एक दिसला, दोन लाख किलोमीटर पळालेला, पण रंग अगदी नवा. मालकानं चावी फिरवताच इंजिन सुरू झालं. अप्पा खुश होऊन होकार देणार, एवढ्यात आईनं तव्याची धग बघावी तसा बॉनेटवर तळहात ठेवला. "सकाळपासून गाडी हलली नाही म्हणालात ना? मग ही तापली कशी हो?" मालक ओशाळला, "अक्का, तुम्ही यायच्या आधी जरा चालू करून ठेवली होती." "मग गार होऊ दे. आम्हाला रोज पहाटे गारच सुरू करायची आहे," म्हणत आई तिथंच चिंचेखाली बसली आणि तिनं डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी, दही. मालकालाही वाढलं, त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली. दोन तासांनी बॉनेट गार लागलं. चावी फिरली, गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि काळा धूर सोडत धडधडायला लागली. पदर झटकत उठून आई अप्पांना म्हणाली, "खोकली, पण गार असतानाही सुरू झाली. घ्या." येताना मी मागच्या हौद्यात उभी राहून कोप्पीकर रोडभर ओरडत होते. परवा शोरूममध्ये नवीकोरी गाडी बघताना माझा तळहात आपोआप बॉनेटवर गेला. ते गारच होतं, तरी मला भूक लागली.