डाळीच्या डब्यातला चष्मा

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझं लग्न ठरलं, तेव्हा मी नवरा मुलगा पाहिलाच नव्हता. म्हणजे तो समोर बसला होता, तिसगावात आमच्याच ओसरीवर. पण आईनं माझा चष्मा तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला होता.

"चष्मा दिसला तर पाव्हनं पोहे खाऊन निघून जातील," ती म्हणाली. "डावीकडून दुसरा. ध्यानात ठेव."

नीट बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून डावीकडून दुसऱ्या पांढऱ्या ठिपक्याकडं एकटक बघत राहिले. काही दिसलं नाही. होकार दिला. मुलगा कसा आहे, असं नंतर आईला विचारलं तर म्हणाली, "मास्तर हाय राहुरीला. रंगानं उजळ हाय. आनखी काय पायजे?"

तारीख निघाली. बोहल्यावर समोर एकच माणूस असतो, तिथं माझी चूक होणार नव्हती. पण पुढं जन्मभर डाळीत चष्मा लपवणं काही मला जमलं नसतं. शेवटी साड्यांच्या खरेदीचं निमित्त सांगून वहिनीला बरोबर घेतलं आणि राहुरीला त्याच्या शाळेत गेले. चष्मा लावूनच गेले.

मधल्या सुट्टीत तो व्हरांड्यात आला. वहिनीनं खुणेनं तो दाखवला आणि ती लांब उभी राहिली. त्याच्या तोंडभर देवीचे व्रण होते. आईनं दोन्हीकडून सांभाळून घेतलं होतं तर.

"मला लांबचं दिसत न्हाई," मी म्हणाले. "त्या दिवशी चष्मा काढून ठेवला हुता. फसवलं तुमाला. लग्न मोडायचं तर मोडा."

त्यानं माझ्या चष्म्याकडं बघितलं. "म्हंजे मी तुमाला दिसलोच न्हाई?"

"न्हाई."

"मी घरी सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला, "आजवर पाच पोरी बघितल्या, सगळ्यांनी तोंड फिरवलं. ही एकच सरळ बघत राहिली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न मोडेल एवढीच भीती घेऊन आले होते. त्याचं एवढं एक सुख हिरावून घेईन, हे डोक्यातही नव्हतं.

घंटा झाली. पोरं वर्गात ओरडायला लागली. तो हलला नाही.

"आता बघा," तो म्हणाला. "आन् मग सांगा."

मी बघितलं. अजिबात घाई केली नाही. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं नजर पायाकडं वळवली.

"वर बघा," मी म्हणाले. "मी होकार देतेय."