गिरणीवर आलेले तीन हेडफोन

हेडफोन घ्यायचे ठरवले ते गाणं ऐकायला हे खरं, पण त्याहून जास्त मला एक गोष्ट तपासायची होती. गेले काही महिने तंबोरा मला नीट ऐकू येत नव्हता. गळा ऐकू येई, तबला ऐकू येई, पण मागचा तो बारीक झणकार, ज्याच्या आधारावर सगळं गाणं उभं असतं, तो कुठेतरी विरून जायचा. आता दोष कुणाचा? घराखाली आमचीच पिठाची गिरणी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिची घरघर चालू. तिच्यामुळे ऐकू येत नसेल तर प्रश्नच नाही, बाहेरचा आवाज मारणारे चांगले हेडफोन घेतले की काम झालं. पण माझे कानच गेले असतील तर? डॉक्टरकडे जाऊन हे ऐकून घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून मी दुकानात जायचं ठरवलं. दुकानदार कधी वाईट बातमी देत नाहीत, एवढा मला अनुभव आहे.

माझं माहेर कुरुंदवाडचं. तिथं मास्तरांकडे गाणं शिकले, दोन-चार परीक्षाही दिल्या. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले ती थेट गिरणीच्या डोक्यावर. गाणं म्हणणं सुटलं, ऐकणं तेवढं राहिलं. दुपारी जेवणं उरकली की थोडा वेळ माझा. त्या वेळात कुणी हाक मारली तर मी अशी बघते, की तो माणूस दुसऱ्यांदा हाक मारत नाही.

नवऱ्याला किंमत सांगितली तेव्हा तो हसलाच. "कानाला लावायचं हाय का कानात सोनं घालायचं हाय?" पण गिरणी गड्यावर सोपवून राजारामपुरीत माझ्याबरोबर आला. तो गप्प घरी बसला असता तरच नवल. कोल्हापुरात साधा कुकर घ्यायचा तरी चार माणसं बरोबर जातात, आणि दोन वाटेत भेटतात ती पण येतात.

शोरूममधली विक्रेती तिशीची, चुणचुणीत. पहिल्याच वाक्यात मला 'काकू' म्हणाली, तिथंच माझं डोकं तापलं. पण समजावलं छान. बाहेरचा आवाज हा हेडफोन स्वतः ऐकतो, लगेच त्याच्या उलटा आवाज सोडतो, आणि दोघं एकमेकांना संपवतात.

"म्हंजे काट्यानं काटा," नवरा म्हणाला.

"अगदी तसंच, काका."

तिनं मला एक घालून दिला. मी ऐकलं. मग काढला आणि ऐकलं. काही फरक कळेना. कळणार कसा? दुकानात एसी, जाड काचेची दारं, रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा आत यायला बिचकत होता. मी म्हटलं, "अहो, इथे आवाजच नाही, तर हा मारतोय कुणाला?" तिनं बिचारीनं स्पीकरवर रहदारीचा आवाज लावला. नवऱ्यानं क्षणभर कान दिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "ह्यो आवाज व्हय? आमच्यात ह्याला शांतता म्हणत्यात. ताई, आमच्या गिरणीवर आणा की तुमचं सामान. थितं बगू कोण टिकतंय!"

मला वाटलं, आता ही हात जोडणार. पण तिचे डोळे चमकले. "गिरणी? डंक पण आहे?"

डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी वर्षाची चटणी होते, आणि त्या दिवसांत डंकावर नंबर मिळायला नशीब लागतं. हिची मिरची वाळून, देठं खुडून घरात पडून होती आणि नंबर काही लागत नव्हता. "लगेच कुटून द्याल?" तिनं विचारलं. "द्याल म्हंजे? पयला नंबर तुमचा," नवरा म्हणाला. झालं. साहेबाला काय सांगितलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती गिरणीच्या दारात हजर. एका हातात तीन हेडफोनची पिशवी, दुसऱ्या हातात मिरचीची.

आता सांगते, जगात कुठल्याही शहाण्या माणसानं महागातला हेडफोन डंकाशेजारी नेला नसता. ते आम्हीच करावं. हवेत तिखट, शिंका चालू, रांगेत डबे घेऊन बसलेल्या बाया. त्यांना आयती करमणूक मिळाली. काळा, राखाडी आणि साईच्या रंगाचा असे तीन हेडफोन बघून सगळ्या उठून आल्या. "बगू की, मी बी घालतो," म्हणत पलीकडच्या गल्लीतल्या एकीनं साईच्या रंगाचा उचलला, तोही नुकती चटणी डब्यात दाबून भरलेल्या हातांनी. मी "अहो अहो" म्हणेपर्यंत त्याच्यावर पाच लाल बोटं उमटली होती. विक्रेतीचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, बाटवला आता आमी. त्यो आमचाच."

"आधी ऐकू तर द्या मला!" मी ओरडले. तिथं ओरडल्याशिवाय भागतच नाही.

म्हणून पहिला तोच घातला. कानाची पाळी चरचरायला लागली, पण बटण दाबलं आणि अहाहा! चक्की गेली. इतक्या वर्षांची ती घरघर, जी माझ्या जेवणात, झोपेत, भांडणात होती, ती कुणीतरी खसकन ओढून काढल्यासारखी गेली. डंकाचा धपधप आवाज येत होता, बायांची तोंडंही थोडी ऐकू येत होती, पण दुरून. मला इतका आनंद झाला की मी त्या लाल बोटांच्या बाईलाच मिठी मारली.

मग गाणं लावलं. तंबोरा आला! उजवीकडून, स्वच्छ, तार तार वेगळी. डावीकडून मात्र काही नाही. तबल्याचा धम्म तेवढा, तोही उशीतून आल्यासारखा.

"हा डावीकडून बिघडलाय," मी म्हटलं. काळा घातला. तोही डावीकडून बिघडलेला. राखाडी घातला, तोही. मग माझा पारा चढला. "काय हो, तिन्ही खराब उचलून आणलेत? एवढी किंमत सांगता, आणि माल असला?"

विक्रेतीनं राखाडी स्वतः घालून बघितला, मग काळा. तो साईच्या रंगाचाही घातला, तिखटाची पर्वा न करता. "मला येतंय की, काकू. दोन्हीकडून येतंय." मग अगदी सांभाळून म्हणाली, "एकदा उलटा घालून बघता? डावं उजवीकडे?"

मी उलटा घातला. जी बाजू बिघडली म्हणून मी भांडत होते, ती उजव्या कानावर येताच तंबोरा लख्ख वाजायला लागला. आणि डावा कान तसाच, मुका.

म्हणजे गिरणी नव्हती. मीच होते. ज्या बातमीला भिऊन मी डॉक्टरकडे गेले नव्हते, ती भर दुपारी, रांगेतल्या सगळ्या बायांसमोर मला मिळाली. मी हेडफोन काढून पिठाच्या पोत्यावर ठेवला आणि रडायला लागले. लाज वाटत होती, पण थांबता येईना.

नवऱ्यानं गिरणी बंद केली. गिऱ्हाईक उभं असताना त्यानं कधी गिरणी बंद केली नव्हती, सासरे गेले त्या सकाळीसुद्धा दारात असलेल्यांचं दळण आधी उरकलं होतं. चक्की थांबली, डंकही थांबला.

"माझा डावा कान गेलाय," मी म्हटलं. "ह्या ताईंना परत पाठवा. नको मला हेडफोन. काय करायचाय आता?"

"व्हय, गेलाय," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"अगं, माझं बोलणं तुला ऐकू येतंय न्हवं? कसं येतंय? कवापास्नं उजव्या अंगाला येऊन बोलतोय मी."

आता मला एकेक आठवायला लागलं. रंकाळ्यावर फिरायला गेलं की हा मला कोपरानं ढकलून माझ्या उजवीकडे यायचा. भर रस्त्यात मी त्याच्यावर खेकसले होते, की नीट चाला, माणसं बघतायत. जेवताना ताट उचलून दुसऱ्या बाजूला बसायचा, तेव्हा म्हटलं होतं, म्हातारचळ लागला. पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांना उठवून त्यानं खुर्ची बदलली, तेव्हा तर घरी येऊन मी दोन दिवस बोलले नव्हते. आणि हा माणूस, ज्याचा आवाज पार पेठेच्या टोकाला ऐकू जातो, ह्या बाबतीत एक शब्द बोलला नव्हता.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. मला त्याचा राग आला होता आणि त्याला घट्ट धरावंसंही वाटत होतं.

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं हाताचं पीठ पुसलं. "सांगितलं असतं तर तू गाणं ऐकायचं सोडलं असतंस. तुझा सोभाव मला म्हाईत हाय."

सोडलं असतं. खरंच सोडलं असतं मी.