पुढे चाल

टुर्नामेंटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धर्मशाळेच्या ओसरीवर उरलेल्या आठ संघांची हजेरी घेत होतो. सात कॅप्टननी सह्या केल्या. आठवा, बोडीटोल्याचा, आलाच नाही. त्यांचा सामना त्याच रात्री आठ वाजता गोंदियाच्या रेल्वे संघाशी होता.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. मी वडशाच्या शाळेत ड्रिलमास्तर होतो. वय पंचवीस. नागपूरहून पंचाची परीक्षा पास करून आलेला तालुक्यात मी एकटाच, म्हणून कबड्डीच्या टुर्नामेंटचा मुख्य पंचही मीच. टुर्नामेंटचं नाव होतं ‘अखिल भारतीय रात्रकालीन’. अखिल भारतीय, कारण मध्य प्रदेशातल्या दुर्गहून एक संघ आला होता. रात्रकालीन, कारण दिवसा आमची सगळी झाडीपट्टी धानाच्या चुरणीत, म्हणजे मळणीत, गुंतलेली असते. नाटक मंडळीवाल्यांनी गॅसबत्त्या दिल्या होत्या आणि बॅटरीवर चालणारा भोंगाही.

सामने बाद पद्धतीचे होते. म्हणजे एकदा हरलात की घरी. या पद्धतीत एक अडचण येते. संघ सोळा असले तर आठ जोड्या सरळ लागतात. आमच्याकडे पंधरा आले होते. मग चिठ्ठ्या टाकतात, आणि जो संघ एकटा उरेल तो न खेळता पुढच्या फेरीत जातो. इंग्रजीत याला बाय म्हणतात. आमच्या पंचांच्या भाषेत ‘पुढे चाल’. ती चिठ्ठी बोडीटोल्याला निघाली होती.

धर्मशाळेचे चौकीदार सखारामभाऊ ओसरी झाडत होते. त्यांना विचारलं, “बोडीटोल्याचे लोक कुठे आहेत?”

“ते तं काल दिवेलागनीलेच गेले जी.”

“का?”

सखारामभाऊंनी झाडू थांबवला. “तुमीच तं म्हनलं त्यायले. पुढे चाल. मी इथीच होतो ना.”

“अहो, पुढे चाल म्हणजे खेळातला शब्द आहे तो.”

“असंन जी. आमी मांगनाऱ्याले म्हनतो.”

मला कालची संध्याकाळ आठवली. मी टेबलावर तक्ता लिहीत होतो. समोर कोणी तरी येऊन उभं राहिलं. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात सुकटीची टोपली. “बोडीटोल्याचं कवा हाय जी?” मी मान वर केली नाही. “पुढे चाल,” म्हणालो आणि दुसरी ओळ लिहायला घेतली. तो माणूस जरा वेळ उभा राहिला, मग गेला.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. राइस मिलचे मॅनेजर, टुर्नामेंट उभी करणारे तेच. “काय मास्तर, सगळे हजर?”

“बोडीटोला न सांगता गेला,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. ते न सांगता गेले होते. माझ्या सांगण्यामुळे गेले होते, तेवढं मी वगळलं.

“मग स्क्रॅच करून टाका. रेल्वेवाल्यायले आराम भेटंल. पाहुणे लोक आहेत.”

स्क्रॅच करणं म्हणजे यादीतून नाव उडवणं. मी शाईनं ‘गैरहजर’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

रेल्वेच्या कॅप्टनला ही बातमी द्यायला गेलो. तो दाढी करत होता. ऐकून म्हणाला, “मास्टरजी, काल तुम्ही मला उभं राहून सगळं समजावलं. किती वाजता, कुठलं ग्राउंड, हरलो तर परतीची गाडी कोणती. चहा पण पाजला. मग त्या लोकांना नव्हतं का सांगितलं?”

त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं सहज विचारलं आणि गाल पुसायला लागला. मी मात्र तिथून सरळ शाळेत गेलो, हेडमास्तरांची सायकल मागितली आणि सेक्रेटरींना न सांगता निघालो.

बोडीटोला चार कोस. अर्धी वाट धानाच्या बांध्यांमधून, अर्धी जंगलातून. गाव मासेमारांचं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक बाई जाळं विणत बसली होती. दोरा दातात धरूनच तिनं विचारलं, “कोनाले पायजे?”

“मंगरूभाऊ. कबड्डीचे कॅप्टन.”

“माहा भाऊ होय तो. तुमी कोन?”

“वडशाचा ड्रिलमास्तर. पंच.”

तिनं दोरा तोडला. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “हं. म्हंजे तुमीच ते. पुढे चाला मास्तर. इथी काई भेटत नाई.”

मी सायकल टेकवली आणि उभा राहिलो. थोड्या वेळानं तिनंच तलावाकडे तोंड करून हाक मारली. पाण्याखाली अडकलेलं जाळं सोडवायला गेलेला माणूस वर आला. कालचाच असणार; काल मी चेहरा पाहिलाच नव्हता. वय चाळिशीच्या पुढं. तो पाळीवर आला, धोतर पिळलं, आणि माझ्याकडे न बघता बसला.

मी खडे गोळा केले. पंधरा खडे मांडले, दोन-दोनच्या जोड्या लावल्या. एक उरला. “हा तुमचा संघ. याला जोडीदार नाही. म्हणून हा न खेळता पुढच्या फेरीत गेला. त्याला आम्ही पुढे चाल म्हणतो.”

“म्हंजे आमी जितलो?”

“जिंकलात असं नाही. पण हरलाही नाहीत. आज आठ वाजता तुमचा सामना आहे, रेल्वेशी.”

मंगरूभाऊ उरलेल्या खड्याकडे बघत होते. “मंग येवढं बोलाले काय झालतं कालच्याले? माहे पोरं गावात कोनाले सांगून नाई राह्यले का काय झालं. खेळाले गेलो, हाकलून देल्लं, असं सांगा का काय?”

“चूक झाली. मी पंचांचा शब्द वापरला. तुम्हाला तो माहीत नसेल हे लक्षात आलं नाही.”

“एक इचारू? त्या रेल्वेवाल्याले चिठ्ठी निंगाली असती तं त्याले बी इतलंच म्हनलं असतं का तुमी?”

वाटेत सायकल मारताना मी बरीच उत्तरं जुळवली होती. कामाची घाई होती, तक्ता अर्धा होता, उजेड जात होता. त्या टोपलीकडे माझी नजर गेली होती आणि मासळी विकणारा माणूस समजून मी मान वर केली नव्हती, हे त्यांत कुठे नव्हतं. त्यानं गावाचं नाव घेतल्यावर तरी मान वर करायला हवी होती.

“नाही,” मी म्हणालो. “त्याला मी उभं राहून सांगितलं असतं.”

मग त्यांची बहीण जाळं बाजूला सारत म्हणाली, “खरं तं बोलला बाप्पा. जा गा मंगरू.”

“जातो. पन मास्तर, पोरायनं तुमचं पहिलं बोलनं ऐकलं हाय. दुसरं बी ऐकू द्या. समद्यायसमोर.”

मी कबूल झालो. जाळी आवरून सगळे निघेपर्यंत ऊन कललं. ते चालत, मी सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर. वडशाला पोचलो तेव्हा गॅसबत्त्या पेटल्या होत्या आणि आठला पंधरा मिनिटं होती.

सेक्रेटरी भडकले. मी सकाळची गोष्ट पूर्ण सांगितली, वगळलेल्या भागासकट.

“ठीक आहे, खेळवा. पण भोंग्यावर माफी मांगू नका. पंचानं माफी मांगितली तर उद्या तुमची शिटी कोन मानंल?”

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पंच दबकतो आहे असं दिसलं की खेळाडू चढून बसतात. तरीही मी भोंगा घेतला. काल बोडीटोल्याच्या कॅप्टनशी मी नीट बोललो नाही, त्यांना अपमान होऊन परत जावं लागलं, चूक त्यांची नाही, माझी आहे, एवढं सांगितलं. मागून कोणी तरी ओरडलं, “बरं झालं मास्तर, आता पुढे चाला, खेळ सुरू करा.” लोक हसले. मंगरूभाऊंच्या पोरांपैकी दोघं हसले, ते मी पाहिलं.

‘गैरहजर’ खोडून मी खाली सही केली आणि सामना लावला. कबड्डीत एका दमात चढाई करायची असते. मधे श्वास घेतला की बाद. मंगरूभाऊंचा दम पाण्याखाली तयार झालेला. रेल्वेची पोरं त्यांचा दम सुटायची वाट बघत राहिली आणि तो सुटेना. बोडीटोला दोन गुणांनी जिंकला. त्या सामन्यात मी त्यांच्याविरुद्ध तीनदा शिटी दिली. तिन्ही वेळा त्यांनी ती मानली. पुढच्या रात्री दुर्गच्या संघानं त्यांना चांगलंच हरवलं. जाताना मंगरूभाऊ सुकटीची टोपली माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आज मी पन्नाशीला आलो आहे आणि नव्या पंचांना शिकवतो. त्यांना सांगतो, नियम पाठ करा, पण संघ समोर आला की आधी उभे राहा. ते वहीत उतरून घेतात. किती जण उभे राहतात, ठाऊक नाही.

त्या टुर्नामेंटच्या पुढल्या वर्षी सगळ्यांत आधी बोडीटोल्याचा अर्ज आला. शाळेतल्या कोणाकडून लिहून घेतलेला, सुंदर अक्षर. खाली एक ओळ होती: “मेहरबानी करून आमाले बाय देऊ नये. खेळाले बलावावे.” बाय चिठ्ठीवर निघते, ती देणं न देणं माझ्या हातात नसतं. तसं मी त्यांना कळवलं. पत्राची दोन पानं झाली.