फोनला कळलेला उतार

आमच्या गच्चीवर तळं झालंय असं मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा दोघांनी सहकुटुंब यायची तयारी दाखवली.

आमचं घर वरळी कोळीवाड्यात. आय जवळा सुकवून विकते आणि त्यासाठी तिला जागा एकच, गच्ची. ती गळायला लागली म्हणून नवा कोबा घालायचं ठरलं. "पाणी पाइपाकडंच गेलं पाहिजे. जवळ्याखाली ओल नको," एवढंच आय म्हणाली.

"तू काळजीच सोड, मी जातीनं बघतो!" (इथंच तिनं मला घराबाहेर काढायला हवं होतं.)

पांडूमिस्त्रींनी पिशवीतून पाणी भरलेली लांबलचक नळी काढली. उतार मोजायला!

"काका, कुठल्या जमान्यात आहात? फोनमध्ये ॲप असतं!"

ओल्या कोब्यावर फळी, फळीवर माझा नवाकोरा फोन. दोन अंश उतार, थेट पाइपाकडे!

"साहेब, मला उलटं दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय, फोनला कळतंय!"

मिस्त्रींनी नळी गुंडाळली.

कोबा पक्का झाल्यावर आयनं तीन टोपल्या जवळा आणला आणि आधी गच्ची धुतली. पाण्यानं पाइपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निम्मं तिथंच साचलं, उरलेलं जिना उतरून हॉलमध्ये आलं!

शेजारची हिरामावशी डोकावली. "काय गो, आता जिवंत मासे पाळणार?"

आयचा चेहरा बघवेना. ऊन चढत होतं, जवळा नासायला किती वेळ! "नासला तर तुलाच खायला घालीन!" ती ओरडली आणि सगळा जवळा माझ्या खोलीत पसरला. पलंगावर, टेबलावर, पंखा पाचवर. मी दोन दिवस खुर्चीत झोपलो. जवळा वाचला, पण गल्लीतली मांजरं मला रोज बसस्टॉपपर्यंत सोडायला यायची.

मिस्त्रींना परत बोलावलं. त्यांनी माझा फोन हातात घेऊन उलटा केला. "साहेब, ह्याला टेंगूळ आहे." कॅमेऱ्याचं! त्यानं फोन एका बाजूनं उचलला जात होता. म्हणजे उतार फोनला होता, गच्चीला नव्हता.

कोबा फोडला, नळीनं मोजून पुन्हा घातला. तो पक्का झाल्यावर मात्र मला राहवेना. हळूच फोन ठेवला, या खेपेला दुसऱ्या बाजूनं.

जिन्यातून आयचा आवाज आला. "काय म्हणतो तुझा फोन?"

"आय... उतार उलटा आहे म्हणतो."

"बरं झालं बाबा! उद्या जवळा वाळत टाकते."