बारी कोणी सोडली

दुपारचं जेवण जरा अंगावर आलंय. ओटीवरच्या बाकड्यावर लवंडतो. अंगात पांढरा सदरा आहे. उद्यासाठी धुऊन ठेवलेला. बटणं शाबूत आहेत का बघायला घातला आणि काढायचा कंटाळा केला. उद्या विश्राम धुरीचं बारावं. सकाळी त्याची बायको, पारूवहिनी, कुंपणाच्या बेड्याशी उभी राहून सांगून गेली, "भावजी, उद्या येवा. फकत ती काटकी आणू नकात."

ती काटकी माझ्या डोक्यावर वाशाला टांगलेली आहे. कारवीची, बोटाएवढी जाड, मध्ये अर्धचंद्रासारखी खाच. एक्केचाळीस वर्षं ती तिथं आहे आणि एक्केचाळीस वर्षं मी पाहुण्यांना ती दाखवतो आहे. माझ्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. एका गोळीत दोन डुकरं आणि तिसऱ्याची शेपटी, ती माझीच. सांबराच्या शिंगांवर वाळत घातलेलं धोतर, तेही माझंच. लोक हसतात आणि सोडून देतात. पण काटकीची गोष्ट सगळ्यांनी खरी मानली, कारण तिला पुरावा होता.

आमच्याकडे शिकारीला हाकेवाले खालून ढोल बडवत रान उठवतात आणि बंदूकवाले वर डोंगराच्या धारेवर ओळीनं बसतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. तिला बारी म्हणतात. बारी सोडली की माणूस दुसऱ्याच्या गोळीसमोर येतो, म्हणून बारी सोडणाऱ्याला पुन्हा कोणी शिकारीला नेत नाही. माझी गोष्ट अशी: मी भेकरावर नेम धरला, गोळी या काटकीला लागून वळली आणि बारी सोडून पुढं आलेल्या विश्रामच्या गुडघ्यात शिरली.

पंखा फिरतोय. त्याचं एक पातं कुठंतरी घासतंय, टक टक टक. डोळे जड होतात. टक टक लांब जाते, दरीत उतरते, आणि तिथून ढोल होऊन वर यायला लागते.

माझ्या पायांशी विश्राम बसला आहे. उकिडवा, दोन्ही गुडघे मोडून. मला आधी तेच दिसतं. एक्केचाळीस वर्षं हा माणूस उजवा पाय लांब करून बसायचा.

"काय रे दाज्या, जेवलंस?"

"जेवलंय. तू?"

"माका उद्या वाढतले."

त्याला हसू येतं, मलाही येतं, पण माझं मधेच थांबतं.

"ती काटकी काढ बघू," तो म्हणतो.

मी पडल्या पडल्या हात वर करतो. वासा नाही. कारवी आहे, दाट, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, आणि मी धारेवर उभा आहे. विश्रामच्या हातात माझी ठासणीची बंदूक. तो गजानं दारू ठासतोय, हळूहळू, घाई नाही.

"हय बघ," तो म्हणतो. "पाल्याक गोळी विचारणा नाय. काटकी भेकराच्या अंगाकडे आसली तर गोळी बोटभर सरकता. नळयेच्या तोंडाकडे आसली तर हातभर, दोन हात. भेकर चुकता. पण उजवीकडे वळान शेजारच्या बारयेत शिरणारी गोळी मी अजून बघूक नाय."

"माझी जड होती," मी म्हणतो. "दारू कमी पडलेली."

"जड गोळी वळाक अजून आळशी."

तो बार काढतो. आवाज येतच नाही, नुसता धूर. समोरची एक काटकी मोडून लोंबते. तो ती तोडून माझ्या नाकासमोर धरतो. तिच्या चिंध्या झाल्या आहेत, केरसुणीसारख्या.

"गोळी लागली की कारवी अशी फाटता. तुझी काटकी बघ, कशी साफ. कोयत्यान कापल्यासारखी."

"कोयत्यान नाय, चाकवान," मी म्हणतो.

आणि जीभ चावतो. धुराचा वास उदबत्तीचा होतो.

देवळाचा मंडप आहे. सगळा गाव मांडी घालून बसलाय. मध्ये एकोणतीस वर्षांचा मी, हातात काटकी, आणि तोंडातून शब्द असे येताहेत की म्हातारे माना पुढं काढून ऐकताहेत. बाजूला चटईवर, गुडघ्याला पंचा गुंडाळलेला तरणा विश्राम. तो एवढंच बोलतो, "मी बारयेतून हललंय नाय." मग मी पुन्हा सुरू होतो. भेकराचं कान टवकारणं, काटकीचं थरथरणं, गोळीचं शीळ घालत वळणं. गावचा निवाडा करणारे गावकर मान हलवतात आणि म्हणतात, विश्रामची बंदूक यापुढं रानात नको. गावातला सगळ्यात पक्का नेम त्या दिवशी खुंटीला लागतो.

माझ्या शेजारी बसलेला मेलेला विश्राम हे सगळं कौतुकानं बघतोय.

"कसो बोलतंस रे! तेव्हा माका सुद्धा खरा वाटूक लागला. घराक जाऊन बायलेक इचारलंय, मी हललंय की काय?"

"तू गप्प कित्याक रवलंस?"

"गप्प खंय? एक वाक्य बोललंय की. माका वाटला, खऱ्याक एक पुरे."

मी मंडपातल्या फरशीकडे बघतो. फरशी तडकली आहे आणि तड्यातून काहीतरी वर येतंय.

"दाज्या, आता माका सांग. बार काढलंस तेव्हा काय बघलंस?"

"कारवी हलताना."

"आणि भेकर?"

"नाय बघूक."

"तू खंय होतंस?"

फरशीतून काजीचं झाड वर आलंय. फांद्या मंडपाच्या खांबांना टेकल्या आहेत आणि काजूची लालभडक बोंडं लोंबताहेत. वास असा की तोंडाला पाणी सुटावं. माझ्या हातात एक बोंड आहे. ते कधीपासून आहे ते मला ठाऊक आहे.

"काजीखाली," मी म्हणतो. "धारेच्या खाली, वीस पावलां. पाठसून कारवी वाजली. मी वळलंय आणि मारलंय. थंय तुझी बारी, ह्या ध्यानातच रवला नाय."

"म्हणजे बारी तू सोडलंस."

"होय."

"बोंडासाठी?"

"लाल झाली होती रे."

विश्राम हसायला लागतो. मांडीवर हात मारून हसतो, खोकतो, डोळे पुसतो. "एक्केचाळीस वर्सां माका वाटत होता, तू निदान मुताक तरी गेलंस आसतलंस!" मी पण हसायला बघतो. मग त्याचं हसणं एकदम संपतं.

"पोरगी नांदाक गेली तेव्हा तिच्या सासरच्यांनी इचारल्यान, बारी सोडलेलो तो धुरी तो तुझो बापूस काय? पायाचा माका काय नाय. नावाचा काय करतंस, तां सांग."

माझं तोंड उघडतं.

"खा तां," तो बोंडाकडे बोट करतो. "तेव्हा अर्धाच रवला आसतला."

मी चावतो. रस हनुवटीवरून गळतो, घसा धरतो. विश्राम उठून कारवीकडे चालायला लागतो, ताठ, दोन्ही पायांवर. पण कारवीच्या तोंडाशी पोचतो आणि उजवा पाय ओढायला लागतो, आयुष्यभर ओढला तसा.

"अरे, आता कित्याक लंगडतंस?"

"उद्यापर्यंत असोच," तो मागं न बघता म्हणतो. "मगे तू बघ."

कारवी मिटते. मग हलते. बंदूक माझ्या हातात आहे, घोडा ओढलेला, आणि मला आत काहीच दिसत नाही. या वेळी मी बंदूक खाली ठेवतो. कारवी बराच वेळ हलत राहते.

टक टक टक. पंखा. उन्हं ओटीच्या पायरीपर्यंत उतरली आहेत. घशाला कोरड पडली आहे, पण ती तहानेची नाही, घसा धरलाय. मी उठून बसतो आणि खाली बघतो. सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाखाली एक तपकिरी डाग आहे, बशीएवढा. बोट लावतो. ओला आहे.

भाद्रपद चालू आहे. पंचक्रोशीत एका काजीला साधा मोहोर नाही. माझ्या बाकीच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात तशी हीही ऐका; हिच्यासाठी मी काटकी काढून दाखवणार नाही. ती मी वाशावरून काढली, चुलीत घातली आणि तिच्यावर चहा केला.

सदरा मात्र तोच घालणार आहे. काजूच्या बोंडाचा डाग धुऊन जात नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. उद्या पंगतीत कोणीतरी विचारीलच, "दाजी, हो डाग कसलो?"

तिथून सुरुवात करीन.