सांगता येण्यासारखं दुखणं

लग्नानंतर चौथ्या वर्षी मला बायपोलर हा मनाचा आजार असल्याचं निदान झालं. पुण्यातल्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं आणि बजावलं, "ठरल्या वेळी रक्त तपासायचं. किडनीवर लक्ष ठेवावं लागतं." कासार आंबोलीच्या घरात हे फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत होतं. "कुनी इचारलं तर थायरॉइडच्या गोळ्या हायेत म्हन," सासूबाईंनी पढवलं.

गोळ्यांनी मी सावरले. मुलगी वाढवली, शिवणाचे क्लास घेतले. रक्त मात्र दोनच वर्षं तपासलं. पौडच्या लॅबमध्ये जावेचा भाऊ लागला तेव्हा नवरा म्हणाला, "तिथं नको, गावभर होईल." पुण्याला नेतो म्हणायचा आणि मग भातलावणीचं निमित्त काढायचा. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या तोच आणायचा. मीही हट्ट धरला नाही, म्हणून सगळा राग त्याच्यावर काढता येत नाही.

गोळ्यांमुळे तहान तर सारखीच, आणि लघवीही. लग्नकार्यात मी दर अर्ध्या तासाला उठायचे आणि बायका हसायच्या.

गोळ्या सुरू झाल्यापासून चौदाव्या वर्षी पाय सुजले, जेवण जाईना. बावधनच्या डॉक्टरांनी किडनी खराब झाल्याचं सांगून मागचे रिपोर्ट मागितले. नवऱ्यानं बारा वर्षांपूर्वीचा कागद पुढे केला.

"मधले?"

"नाहीत."

"आधी कळलं असतं तर गोळी बदलता आली असती," डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं. निदानाआधी मी अंथरुणातून उठत नसे तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. आता शहाळी आणत होते, तीही किडनीमुळे डॉक्टरांनी मला बंद केलेली. किडनीचं दुखणं सासूबाई सगळ्यांना मोकळेपणी सांगत होत्या.

"कशानं झालं?" चुलतसासूनं विचारलं.

"पानीच पीत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"गोळ्यांनी झालं," मी म्हणाले. "डोक्याच्या आजाराच्या. तपासायला कुणी नेलं नाही."

चहा तसाच ठेवून माणसं उठली. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "लई शोभा केलीस आमची."

लिथियम हळूहळू बंद झालं. दुसऱ्या गोळीनं हात थरथरतो, सुईत दोरा जात नाही. किडनी गेली तेवढी गेली, उरलेली टिकवायची.

मुलीला मी स्वतः सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग तू इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

नांदायचं होतं म्हणून, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. ते तिला द्यायची लाज वाटली.