पंचेचाळीस की पस्तीस

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत आम्ही दोघेच मास्तर होतो, दोघेही हंगामी. माझे सोबती कधी खुर्चीवर टेकत नसत. सातवीच्या फायनल परीक्षेतली सरासरीची गणितं शिकवताना ते वर्गभर येरझारा घालत आणि फळा पुसलेला हात धोतरालाच पुसत. "मेल्यांनो, आधी डोकी मोजा," हे दर गणिताला ठरलेलं.

एका वर्षी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला आले. सातवीत मुलं सहा, त्यांची सरासरी साठ गुण. खालच्या वर्गात मुलं तीस, त्यांची सरासरी तीस. साहेबांनी साठ आणि तीस मिळवून निम्मे केले.

"पंचेचाळीस. छान. चाळिसाच्या वर असलेल्या शाळांचे मास्तर यंदा कायम करायचेत."

मी मान खाली घातली. माझे सोबती मात्र दारापर्यंत जाऊन परत आले.

"साहेब, दोन्ही वर्गांत मुलं सारखी नाहीत. सगळ्यांचे गुण मिळवून छत्तिसांनी भागायला हवं. पस्तीसच येतात."

साहेबांनी आकडा खोडला. आम्ही हंगामीच राहिलो.

घरी परतताना सोबती म्हणाले, "तुम्हाला राग आला असेल. पण मला गप्प राहवेना."

साहेब लिहीत होते तेव्हाच पस्तीस मीही काढले होते.